निर्देशित ऊर्जा शस्त्रांविषयीच्या कल्पना आणि अफवा

निर्देशित ऊर्जा शस्त्रे म्हणजे गोळी, तोफगोळा किंवा स्फोटक न वापरता ऊर्जेचा एकवटलेला झोत लक्ष्यावर टाकून त्याची हानी करणारी शस्त्रे होत. या गटात लेसर, उच्च शक्तीच्या सूक्ष्मलहरी आणि भारित कणांचे झोत यांचा समावेश होतो. यांपैकी काही शस्त्रे आज प्रत्यक्षात आहेत, काही प्रयोगशाळेपुरती मर्यादित आहेत, तर बरीचशी केवळ विज्ञानकथांत आणि षड्यंत्र सिद्धान्तांत आढळतात. महाराष्ट्रात या विषयाला स्थानिक संदर्भही आहेत. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'काली' या त्वरकाभोवती सियाचिनमधील हिमस्खलनाची अफवा रचली गेली. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या औद्योगिक पट्ट्यात शक्तिशाली लेसर रोजच्या उत्पादनाचे साधन आहे. उत्सवांच्या मिरवणुकीतील लेसर झोतांनी नागरिकांच्या डोळ्यांना इजाही झाली आहे. कल्पित किरणांची चर्चा मोठी आणि प्रत्यक्ष किरणांच्या धोक्याची चर्चा लहान, अशी विसंगती या विषयात वारंवार दिसते.

कल्पनेचा इतिहास

दूरवरून जाळून टाकणाऱ्या किरणाची कल्पना जुनी आहे. आर्किमिडीजने आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश एकवटून सिराक्यूजवर चालून आलेली रोमन जहाजे पेटवली, अशी आख्यायिका आहे. भारतीय पुराणकथांत शंकराच्या तृतीय नेत्राने भस्म झालेला मदन आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याला जाळणारा भस्मासुर येतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेत बाणांच्या टोकांतून निघणारे आणि आकाशात एकमेकांवर आदळणारे प्रकाशझोत प्रेक्षकांनी दर रविवारी पाहिले. अस्त्र म्हणजे किरण, ही दृश्य समजूत रुजण्यात या मालिकेचा वाटा असावा.

आधुनिक विज्ञानकथेत एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीतील मंगळवासीयांचा उष्णकिरण या कल्पनेचा आरंभबिंदू मानला जातो. पहिल्या महायुद्धानंतर वृत्तपत्रांत 'मृत्युकिरणा'च्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. १९२४ मध्ये ब्रिटिश संशोधक हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज याने इंजिने बंद पाडणारा किरण शोधल्याचा दावा केला, परंतु स्वतंत्र चाचणीत तो सिद्ध झाला नाही. १९३४ मध्ये निकोला टेस्लाने २५० मैलांवरून १०,००० विमाने पाडू शकेल अशा झोताचा दावा केला. असे यंत्र कधीही जगासमोर आले नाही.

या दाव्यांमधून एक उपयुक्त शोध मात्र निघाला. असा किरण खरोखर शक्य आहे का, अशी विचारणा ब्रिटिश हवाई मंत्रालयाने १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे केली. त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी लागणाऱ्या शक्तीचे गणित मांडून ते अशक्य असल्याचे दाखवले. मात्र विमानावरून परावर्तित होणाऱ्या रेडिओ लहरींनी विमानाचा ठावठिकाणा कळू शकेल, हेही त्यांनी निदर्शनास आणले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि त्यातून ब्रिटनची रडार यंत्रणा उभी राहिली. एका अफवेचे आकडेमोडीने परीक्षण केल्याचे हे फळ होते.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला आणि कल्पनेला भौतिक आधार मिळाला. २३ मार्च १९८३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी क्षेपणास्त्रे रोखणाऱ्या संरक्षणव्यवस्थेची घोषणा केली. १९७७ च्या गाजलेल्या चित्रपटावरून तिला 'स्टार वॉर्स' हे टोपणनाव मिळाले. अमेरिकेने पुढे मोठ्या विमानावर रासायनिक लेसर बसवून फेब्रुवारी २०१० मध्ये उड्डाणातील क्षेपणास्त्र पाडून दाखवले, तरीही व्यवहार्यतेच्या अभावी तो कार्यक्रम पुढील वर्षी बंद करण्यात आला.

मराठी विज्ञानकथेचा संदर्भ

मराठीत विज्ञानकथेला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांनी बळ दिले. परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पारितोषिकपात्र ठरली. ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी पाठवली होती. या परंपरेतील कथा वाचकाला आपण कथा वाचत आहोत याची जाणीव देते. तिच्यात एखादी गोष्ट गृहीत धरलेली असते आणि पुढील घटना त्या गृहीतकाच्या नियमाने घडतात.

षड्यंत्र सिद्धान्त हेच साहित्य उसने घेतो. अदृश्य किरण, गुप्त प्रयोगशाळा आणि मौन बाळगणारे शासन ही पात्रे तीच असतात, पण ही कथा आहे हे सांगणारी पाटी काढून टाकलेली असते. विज्ञानकथेत किरणाची शक्ती किती, ती कोठून येते आणि कोठे संपते याचे काही नियम असतात. अफवेतील किरणाला असे बंधन नसते. तो डोंगर फोडतो, घरे जाळतो, पाऊस पाडतो आणि भूकंपही घडवतो.

'काली' त्वरक आणि सियाचिनची अफवा

'काली' हे 'किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर' या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने या इलेक्ट्रॉन त्वरकांच्या मालिकेचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले आणि त्यात संरक्षण संशोधन व विकास संस्थेचाही (डीआरडीओ) सहभाग राहिला. ही यंत्रे इलेक्ट्रॉनांचा अत्यंत अल्पकालीन, पण तीव्र स्पंद निर्माण करतात. या स्पंदापासून क्ष-किरणांचा क्षणिक झोत किंवा सूक्ष्मलहरी मिळवता येतात. विमाने व क्षेपणास्त्रांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशा लहरींच्या माऱ्यात टिकतात का, हे तपासण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

७ एप्रिल २०१२ रोजी सियाचिन भागातील गयारी येथे पाकिस्तानी सैन्याच्या तळावर हिमस्खलन होऊन १४० जणांचा मृत्यू झाला. त्यांत १२९ सैनिक आणि ११ नागरिक होते. पुढे हे हिमस्खलन भारताने 'काली'च्या किरणाने घडवले, असा मजकूर समाजमाध्यमांवर आणि चित्रफितींतून पसरू लागला. काही आवृत्त्यांत हे यंत्र मालवाहू विमानावर बसवल्याचे सांगितले जाते. भारतात हा दावा अभिमानाने, तर पाकिस्तानात संशयाने सांगितला गेला. पुरावा दोन्हीकडे दिला गेला नाही.

जाहीर झालेल्या तांत्रिक माहितीवरूनच हा दावा तपासता येतो. 'काली-५०००' या यंत्राची कमाल शक्ती सुमारे ४० गिगावॅट सांगितली जाते. हा आकडा एखाद्या मोठ्या औष्णिक वीजकेंद्राच्या कित्येक पट असल्याने तो ऐकणारा थक्क होतो. परंतु ही शक्ती टिकते केवळ ५० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत. शक्तीला कालावधीने गुणले असता एका स्पंदातील ऊर्जा जास्तीत जास्त ४,००० ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान जेमतेम एक अंश सेल्सिअसने वाढते. बर्फ वितळवायचा झाल्यास शून्य अंशावरील सुमारे १२ ग्रॅम बर्फ वितळतो.

दुसरा अडसर हवेचा आहे. सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन साध्या हवेत साधारण चार मीटर अंतर कापून थांबतो. इलेक्ट्रॉनांऐवजी सूक्ष्मलहरी वापरल्या, तरी एका स्पंदातील ऊर्जेची मर्यादा तीच राहते, किंबहुना रूपांतरात ती घटते. तिसरा अडसर पृथ्वीच्या गोलाईचा आहे. ट्रॉम्बे ते सियाचिन हे अंतर सुमारे १,८०० किलोमीटर आहे. ट्रॉम्बेहून क्षितिजाला समांतर निघालेला सरळ किरण तेथपर्यंत पोहोचताना जमिनीपासून सुमारे २५० किलोमीटर उंचीवर असेल.

सियाचिन परिसरात हिमस्खलनासाठी गुप्त शस्त्राची गरज नाही. तीव्र उतार, साचलेला बर्फ, वारा आणि तापमानातील बदल ही कारणे तेथे नेहमीच उपस्थित असतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी याच हिमनदीवर भारतीय चौकी बर्फाखाली गाडली जाऊन दहा जवानांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक जवान सातारा जिल्ह्यातील होता. गयारीची दुर्घटना शत्रूवरील विजय म्हणून मिरवणाऱ्या मजकुरात या दुसऱ्या दुर्घटनेचा उल्लेख सहसा नसतो. दोन्ही बाजूंच्या सैनिकांना सारख्याच धोक्यात ठेवणारी परिस्थिती त्यामुळे नजरेआड होते.

या अफवेला शासकीय मौनाचाही हातभार लागला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 'काली'विषयी लोकसभेत प्रश्न विचारला गेला. ही माहिती संवेदनशील असून ती उघड करणे राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचे नाही, अशा आशयाचे उत्तर त्यावर देण्यात आले. संरक्षणविषयक संशोधनात असे उत्तर नेहमीचे असते. अफवा पसरवणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ होकार असा लावला. माहिती नाकारणे आणि दावा मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक अशा चर्चेत टिकत नाही.

प्रत्यक्षातील शस्त्रे

लेसर शस्त्रे आज अस्तित्वात आहेत आणि त्यांची प्रात्यक्षिके जाहीरपणे होतात. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये ३० किलोवॅट क्षमतेचा लेसर 'पॉन्स' या जहाजावर बसवला. भारतात १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे वाहनावर बसवलेल्या 'मार्क-२ (ए)' या लेसर शस्त्राने स्थिर पंखांचे मानवरहित विमान आणि ड्रोनचा थवा निकामी केल्याचे जाहीर केले. या लेसरची क्षमता ३० किलोवॅट असल्याचे वृत्तांत सांगितले गेले. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर झालेल्या एकात्मिक हवाई संरक्षण प्रणालीच्या चाचणीत दोन प्रकारच्या क्षेपणास्त्रांबरोबर लेसर शस्त्राचाही समावेश होता.

पुण्याचाही या क्षेत्राशी संबंध आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी नौदलाने ड्रोनविरोधी प्रणालीसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी करार केला. ड्रोन नष्ट करण्यासाठी या प्रणालीत लेसरची सोय आहे. तिच्या उत्पादनासाठी निवडलेल्या केंद्रांत बंगळूरू, हैदराबाद आणि मछलीपट्टणम यांच्याबरोबर पुण्याचाही समावेश होता.

या सर्व प्रणालींचे लक्ष्य सारखेच आहे. ड्रोन, लहान विमान किंवा त्यांवरील कॅमेरे अशा हलक्या वस्तू, काही किलोमीटरच्या आत, दृष्टीच्या सरळ रेषेत आणि काही सेकंद एकाच बिंदूवर झोत धरून निकामी करणे एवढेच त्यांचे काम आहे. धुके, धूळ आणि पाऊस यांनी त्यांची परिणामकारकता घटते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यातील कित्येक दिवस असा झोत फार दूर जाऊ शकणार नाही.

तळेगाव-चाकण पट्ट्यातील लेसर

तळेगाव दाभाडे हे मावळ तालुक्यातील शहर संरक्षणविषयक आस्थापनांच्या सान्निध्यात आहे. शहरात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे, तर जवळच देहूरोड येथे लष्करी भांडारे आणि आयुधनिर्माणी आहे. पुण्याच्या पाषाण भागात डीआरडीओच्या शस्त्रास्त्रे व स्फोटकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. उंच कुंपण, छायाचित्रणास मनाई आणि आत काय चालते याची नसलेली माहिती हा येथील रोजच्या भूगोलाचा भाग आहे. गुप्त शस्त्राच्या कथेला अशा परिसरात ऐकणारा सहज मिळतो.

याच परिसरात शस्त्रांएवढ्या शक्तीचे लेसर कोणत्याही गुप्ततेशिवाय काम करत असतात. भोसरी, चाकण आणि तळेगाव औद्योगिक क्षेत्रांत वाहन उद्योगासाठी शीट मेटल कापणाऱ्या अनेक यंत्रांत काही किलोवॅटपासून दहा किलोवॅटहून अधिक क्षमतेचे फायबर लेसर वापरले जातात. 'लेसर कटिंग, जॉब वर्क' अशा पाट्या लहान गाळ्यांवरही दिसतात. शस्त्राच्या तोडीची शक्ती हाताळणारा कामगार त्या यंत्रापासून काही फुटांवर सुरक्षित उभा राहतो. हे कसे शक्य होते, याच्या उत्तरातच लेसर शस्त्राची मर्यादा दडलेली आहे.

पत्रा कापताना यंत्राचे नोझल पत्र्यापासून साधारण एक मिलिमीटर अंतरावर असते. झोत सुमारे ०.१ मिलिमीटर रुंदीच्या बिंदूवर एकवटतो आणि नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचा दाब वितळलेला धातू बाहेर फेकतो. केंद्रबिंदूच्या पुढे झोत वेगाने पसरतो आणि यंत्राभोवतीचे बंदिस्त आवरण उरलेला प्रकाश अडवते. हाच लेसर एक किलोमीटरवर रोखायचा झाल्यास विवर्तनाचा नियम आड येतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून निघालेला असा झोत निर्दोष परिस्थितीतही तेथे सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद होतो. त्यामुळे दर चौरस मिलिमीटरवर पडणारी शक्ती यंत्रातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी होते. हवेतील तापमानाचे चढउतार झोत आणखी विसकटतात.

ऊर्जेचा हिशेबही असाच मांडता येतो. फायबर लेसरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचाच प्रकाश होतो आणि उरलेल्याची उष्णता होते. ३० किलोवॅटच्या झोतासाठी सुमारे १०० किलोवॅट वीज आणि मोठी शीतकरण व्यवस्था लागते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या प्रचंड सौर पट्ट्यांतून मिळणारी वीज ८४ ते १२० किलोवॅट इतकी आहे. कोणाच्याही नजरेस न पडता उपग्रहावरून गावे जाळणाऱ्या शस्त्राचा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

आगीचे कारण आणि उत्तरदायित्व

८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांवरील लाहायना शहर वणव्यात भस्मसात झाले आणि शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर ऊर्जाशस्त्राने ही आग लावल्याचा दावा जगभर पसरला. निळ्या रंगाची छपरे आणि वाहने वाचली, अशी 'लक्षणे' सांगितली गेली. रॉकेट उड्डाणाची जुनी छायाचित्रे आकाशातून उतरणारा किरण म्हणून दाखवली गेली. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अधिकृत तपासात, तुटलेल्या वीजवाहिन्यांमुळे सकाळी लागलेली आग विझल्यासारखी वाटल्यानंतर दुपारी पुन्हा भडकल्याचे नमूद करण्यात आले.

कोणत्याही आगीनंतर असा दावा का घातक ठरतो, हे औद्योगिक पट्ट्यातील उदाहरणाने स्पष्ट होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवर लावल्या जाणाऱ्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून अनेक कामगारांचा बळी गेला. मृतांत बहुतेक महिला होत्या. या आगीनंतर परवानगी, ज्वलनशील मालाचा साठा, बाहेर पडण्याचा मार्ग आणि तपासणीची जबाबदारी हे प्रश्न पुढे आले. त्यांची उत्तरे देणारी माणसे आणि खाती ठरवता येतात. आकाशातून आलेल्या किरणाला मात्र परवाना विचारता येत नाही. षड्यंत्र सिद्धान्त शासनाला जाब विचारत असल्याचा आव आणतो, पण ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्नच तो नाहीसा करतो.

मिरवणुकीतील झोत

महाराष्ट्रात निर्देशित प्रकाशऊर्जेने नागरिकांना झालेली प्रत्यक्ष इजा कोणत्याही गुप्त शस्त्राने केलेली नाही. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुण्यातील नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीतील लेसर झोतामुळे दृष्टिपटलाला इजा झालेले रुग्ण आल्याची माहिती पुढे आली. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातूनही अशा बातम्या आल्या. त्याच वर्षी पुणे पोलिसांनी उत्सवकाळात लेसर झोतांच्या वापरावर बंदी घातली.

येथील भौतिकशास्त्र 'काली'च्या अफवेच्या नेमके उलट आहे. अफवेत प्रचंड यंत्र लागते आणि परिणाम सिद्ध होत नाही, तर मिरवणुकीत लहान यंत्र पुरते आणि परिणाम कायमचा असू शकतो. डोळ्याचे भिंग समांतर येणारा झोत दृष्टिपटलावरील सूक्ष्म बिंदूवर एकवटते. त्यामुळे त्याची तीव्रता साधारण एक लाख पटींपर्यंत वाढते. पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटच्या दृश्य लेसरपासून एवढ्या वेळात संरक्षण मिळते. अर्ध्या वॅटहून अधिक शक्तीचे लेसर मात्र सर्वांत धोकादायक अशा चौथ्या वर्गात मोडतात आणि त्यांच्यापुढे पापणीचा वेग अपुरा पडतो. असे झोत गर्दीच्या डोक्यावरून न फिरवता थेट गर्दीत फिरवले, तर लहान मुले, वादक आणि बंदोबस्तावरील पोलीस सर्वांनाच धोका पोहोचतो.

युद्धातही या इजेला आंतरराष्ट्रीय कायद्याने मनाई केली आहे. कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनवलेल्या लेसर शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९९५ मध्ये संमत होऊन १९९८ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे. रणांगणावर सैनिकाला जे संरक्षण या कराराने मिळते, ते उत्सवातील प्रेक्षकाला स्थानिक आदेश आणि मंडळांचे स्वयंनियमन यांवरच अवलंबून ठेवावे लागते.

दाव्यांची पारख

आकाशातील प्रत्येक अनोळखी प्रकाशाची चर्चा अफवेतच संपते असे नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे तर्क लढवले गेले. त्यानंतर अवशेषांची पाहणी आणि कक्षेची गणिते यांवरून ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष पुढे आला. या प्रकरणात हाताला लागणारी वस्तू होती, ठरावीक वेळ होती आणि अनेक ठिकाणांहून केलेली निरीक्षणे होती.

ऊर्जाशस्त्राच्या दाव्यालाही हेच निकष लावता येतात. शक्ती किती व ती किती काळ टिकली, वीज कोठून आली, स्रोत आणि लक्ष्य यांच्यात सरळ दृष्टिरेषा होती का, झोत त्या अंतरावर किती पसरला असता, आणि हीच घटना साध्या कारणाने घडू शकते का, हे प्रश्न शालेय भौतिकशास्त्राच्या आधाराने विचारता येतात. १९३५ मध्ये मृत्युकिरणाविषयी हेच प्रश्न विचारले गेले होते. गयारीच्या दाव्याला ते लावल्यास हाती १२ ग्रॅम वितळलेला बर्फ उरतो. मिरवणुकीतील झोताला लावल्यास मात्र धोका खरा आणि टाळण्याजोगा असल्याचे दिसून येते.